स्थौल्याचा इतिहास आणि एक देह

भुकेचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. मेदाचा मात्र फारसा कोणीं लिहिलेला नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या देशांत दुष्काळांचीं सालें लोकांच्या जिभेवर राहतात, त्या देशांत चरबीची चर्चा करणें थोडेंसें अप्रशस्तच वाटावयाचें. त्यांतून आमचा टापू शहापूर-मुरबाडचा, गांव शेणवा. तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या पाण्यावर मुंबई शहर आपली तहान भागवितें. परंतु ज्या डोंगरपट्टींतून तें पाणी जातें, तिची प्रसिद्धि पाण्यापेक्षां कुपोषणासाठींच अधिक. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें मुलें दगावलीं, तेव्हां तो तालुका आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ सालीं. त्या सुमारास ठाणें जिल्ह्याचें नांव वर्तमानपत्रांत निघालें, कीं काड्यांसारखे हातपाय असलेलें एखादें मूल वाचकाच्या डोळ्यांपुढें उभें राही. अशा जिल्ह्यांतील एका कुणब्याच्या घरांत जन्मलेल्या मनुष्याचें वजन १४६ किलो व्हावें, ही गोष्ट लोकांस विनोदाची वाटते आणि त्या मनुष्यास लाजेची. तो मनुष्य म्हणजे आम्हीच. तीन वर्षांमागें आम्हीं आमच्या जठराचा बराच मोठा भाग शस्त्रवैद्याकडून काढवून घेतला. इतिहासाचें अध्यापन हा आमचा व्यवसाय असल्यामुळें, जें आपल्या देहावर घडलें त्याचा मागोवा घेतल्याखेरीज आम्हांस चैन पडलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या मागोव्याचा वृत्तांत होय. वाचकांनीं यांत वैद्यकीय सल्ला शोधूं नये.

प्रथम शब्दांकडे पाहूं. लठ्ठ, जाडा, ढोल्या, ढेरपोट्या, अगडबंब, तुंदिलतनु हे झाले निंदेचे शब्द; गुटगुटीत, भरदार, धष्टपुष्ट, बाळसेदार हे झाले स्तुतीचे. मौज अशी कीं, दोन्ही प्रकारच्या शब्दांचा विषय असलेली चरबी एकच असते. वय तेवढें बदलतें. मूल दोन वर्षांचें होईपर्यंत तिला ‘बाळसें’ म्हणावयाचें आणि दृष्ट लागूं नये म्हणून त्या मुलाच्या गालावर तीट लावावयाची. तिशी उलटली कीं त्याच चरबीविषयीं ‘अंग सुटलें’ असें म्हणावयाचें. हें ‘सुटणें’ क्रियापद फार बोलकें आहे. दावें सोडल्यावर गुरूं सुटतें, तसें पोट सुटतें. म्हणजे कोणीतरी तें आंवरून धरावयास पाहिजे होतें आणि धरलें नाहीं, असा आरोप भाषेनें आधींच करून ठेवला आहे. ‘खायला काळ, भुईला भार’ ही म्हण तर आम्हीं इतक्या वेळां ऐकली आहे, कीं तिच्यांतील दुसऱ्या शब्दद्वयाविषयीं आमची तक्रार उरलेली नाहीं. पहिल्याविषयीं आहे, व ती पुढें मांडूं.

आमच्या लहानपणीं शेणव्याकडे सुटलेलें पोट पाहावयास मिळे तें बहुधा सावकाराचें. श्रावण-भाद्रपदांत कणग्यांचा तळ दिसूं लागे. मग सावकाराकडून खावटी उचलावयाची आणि पीक आल्यावर वाढीदिढीनें फेडावयाची, म्हणजे मणाला दीड मण भात मोजावयाचें, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. सावकाराच्या पोटाकडे पाहून कोणी हंसत नसे. त्या पोटांत आपलें भात आहे हें ज्याला त्याला ठाऊक होतें. म्हणूनच नोकरी लागल्यावर आमचें पोट दिसूं लागलें, तेव्हां गांवानें त्याचें स्वागतच केलें. पोरगा खात्यापित्या घरचा दिसतो, असें आमची आई शेजारणींस अभिमानानें सांगे. हंसूं आलें तें शहरांतून. आसनगांवाहून कल्याणास जाणाऱ्या गाडींत तिघांच्या बाकावर चौथ्यानें टेकावें, असा एक अलिखित कायदा आहे. ज्या बाकावर आम्ही बसत असूं, त्या बाकावर तो कायदा चालत नसे. आणि चौथ्याचा हक्क बुडविणाऱ्याकडे सबंध डबा ज्या नजरेनें पाहतो, ती नजर आम्हीं बावीस वर्षें दररोज दोन वेळां सोसली.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या विषयाचा जेवढा विचार केला, तेवढा पुढें कित्येक शतकें झाला नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच ‘अष्टौनिंदितीय’. ज्यांच्या देहाची लोकांत निंदा होते अशा आठ जणांची त्यांत गणना आहे: अति उंच, अति ठेंगणा, सर्वांगावर केंस असलेला, मुळींच केंस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. यावरून दिसतें कीं, चरकाच्या काळींही स्थूल मनुष्य आधीं निंदेचा आणि मग चिकित्सेचा विषय होता. परंतु वैद्याची दृष्टि निंदकाहून निराळी असते. या आठांपैकीं शेवटच्या दोघांचाच चरकानें विस्तारानें विचार केला आहे, कारण औषधाची गरज त्यांनाच अधिक. अति स्थूलाचे आठ दोष त्यानें सांगितले आहेत: आयुष्याचा ऱ्हास, हालचालींचा मंदपणा, मैथुनांत अडचण, दुर्बलता, दुर्गंधि, घामाचा त्रास, अति भूक आणि अति तहान. ही यादी आम्हीं चाळिशींत प्रथम वाचली आणि तिच्याशीं स्वतःस ताडून पाहिलें. आठांपैकीं सहा दोष आमच्या अंगीं होते. सातव्याविषयीं सभ्य मासिकांत बोलूं नये. आणि पहिल्याचा निकाल अजून लागावयाचा आहे.

यापेक्षां महत्त्वाची आहे ती त्याची कारणमीमांसा. गुरु, मधुर, शीत व स्निग्ध पदार्थांचें अति सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, सदा हर्ष आणि अचिंतन म्हणजे विचार न करणें, हीं कारणें तो देतो. (उपाय सांगतांनाही त्यानें जागरण व व्यायाम यांच्या बरोबरीनें चिंतन क्रमाक्रमानें वाढविण्यास सांगितलें आहे. तीस वर्षें चिंतनाचा पगार घेतलेल्या आमच्यासारख्यांना हा उपाय कां लागू पडला नाहीं, याचें उत्तर आमच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक असावें.) परंतु या यादीच्या शेवटीं आणखी एक कारण आहे: बीजस्वभाव. म्हणजे कांहीं माणसें जन्मतःच तशी घडण घेऊन येतात. निंदकाला हें कारण कधींच सुचत नाहीं. दुसरें असें कीं, अति भूक हा त्यानें स्थौल्याचा परिणाम मानला आहे. मेदानें मार्ग अडले, कीं वायु कोठ्यांत कोंडतो, अग्नीला फुंकर घालतो, अन्न झटकन् जिरतें आणि पुन्हां भूक लागते. वणव्यानें रान जाळावें तसे ते दोघे स्थूलाला जाळतात, असा त्याचा दृष्टांत आहे. मनुष्य फार खातो म्हणून लठ्ठ होतो, एवढेंच जग म्हणतें. लठ्ठ होतो म्हणूनही त्याला फार भूक लागते, हें चरकानें पाहिलें. शरीरशास्त्राची त्याची परिभाषा आज कोणी मान्य करणार नाहीं, पण रोग्याकडे त्यानें लक्ष देऊन पाहिलें होतें यांत संशय नाहीं. आणि त्याचा आहारविषयक नियमही पाहण्यासारखा आहे: पचावयास जड, परंतु पोषणास हलकें असें अन्न स्थूलाला द्यावें. सातू, सांवा, कुळीथ हीं त्यानें नांवें घेतलेलीं धान्यें. हीं गरिबाचीं धान्यें आहेत, हें लक्षांत ठेवावें.

चरकाजवळ माणसें तोलावयाचा कांटा मात्र नव्हता. माणूस तोलण्याची आपली जुनी चाल ती दानाची. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगीं शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. अशा तुलेंत देह जितका भारी, तितकें दान मोठें. घेणाराची यजमानाच्या वजनाविषयीं तक्रार असण्याचें कारण नाहीं. रोगाची खूण म्हणून माणूस तोलणें ही अगदीं अलीकडची गोष्ट. बेल्जममधील केटले नांवाच्या ज्योतिर्विदानें १८३२ सालीं असें दाखविलें, कीं वाढ पुरी झालेल्या माणसांचें वजन साधारणपणें उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. त्याला लठ्ठपणाशीं कर्तव्य नव्हतें. आकाशांतील ग्रहांप्रमाणें मनुष्यजातीचाही एक मध्यबिंदु काढावा, हा त्याचा नाद. त्याच्या गणिताला ‘शरीर-वस्तुमान-निर्देशांक’ या अर्थाचें इंग्रजी नांव अमेरिकेंतील अॅन्सेल कीज यांनीं १९७२ सालीं दिलें, आणि तेव्हांपासून तो आंकडा प्रत्येक दवाखान्यांत माणसाच्या कपाळीं लिहिला जाऊं लागला. पंचवीसपर्यंत ठीक, तिसाच्या पुढें स्थूल. आमचा आंकडा एकावन्नाच्या वर होता. तो काढण्यासाठीं आधीं वजन कळावें लागतें, आणि तेंच कळेना. रेल्वेच्या फलाटावर लाल-हिरव्या दिव्यांचीं यंत्रें असत. नाणें टाकलें कीं वजनाबरोबर भविष्य छापलेलें तिकीट बाहेर पडे. तीं यंत्रें आतां दिसेनाशीं झालीं. आमच्या डॉक्टरांचा कांटा १३० वर संपत असे. अखेर शहापुरास भाताच्या गिरणींत, पोतीं तोलावयाच्या कांट्यावर, हमालांच्या देखत आम्ही उभे राहिलों. गिरणीवाल्याने पावती देऊं का, असें विचारलें. तो थट्टा करीत नव्हता. ज्याचें वजन केलें त्याची पावती फाडावयाची, ही त्याची रीत.

युरोपांतही हा इतिहास फारसा गंभीर नाहीं. स्पेनमधील लेओनचा राजा सांचो हा लठ्ठपणामुळें घोड्यावर बसेना, म्हणून ९५८ सालीं सरदारांनीं त्याला पदच्युत केलें. कोर्दोव्याच्या खलिफाकडील यहुदी वैद्य हसदाई इब्न शाप्रुत याच्या उपचारांनीं तो हलका झाला आणि ९६० त त्यानें गादी परत मिळविली. तहाच्या अटींत किल्ले द्यावे लागले, हें सांगणें नलगे. आधुनिक काळांत आपल्या देहाची कथा स्वतः लिहिण्याचा प्रघात पाडला तो लंडनच्या विल्यम बॅन्टिंगनें. धंदा प्रेतयात्रांची व्यवस्था पाहण्याचा. त्याला स्वतःच्या बुटाचे बंद बांधतां येत नसत आणि जिना उलटा उतरावा लागे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करून तो एका वर्षांत ४६ पौंड उतरला, आणि १८६३ सालीं त्यानें तो अनुभव स्वखर्चानें छापून फुकट वांटला. त्याच्या नांवाचें इंग्रजींत क्रियापद झालें. बॅन्टिंगचा स्वर उपदेशकाचा आहे. एकाला साधलें तें सर्वांना साधेल अशी त्याची श्रद्धा. ही श्रद्धा पुढें दीडशें वर्षें टिकली आणि तिनें आमच्यासारख्या लक्षावधि लोकांस फार छळलें.

तिला धक्का बसला तो प्रयोगशाळांतून. आणि आम्हांस अभिमान वाटतो कीं, त्यांतील एक मोठें काम पुण्यास झालें. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचें निरीक्षण आरंभिलें. या स्त्रिया किडकिडीत, शेतांत राबणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या. त्यांचीं मुलें जन्मतः सरासरीनें २.७ किलो वजनाचीं भरलीं. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनचीं मुलें ३.५ किलोंचीं. यांत नवल कांहीं नव्हतें. नवल पुढें होतें. चिमट्यानें कातडीची जाडी मोजली, तेव्हां असें आढळलें कीं, या मुलांचे स्नायु व पोटांतील इंद्रियें लहान असलीं, तरी पाठीवरील चरबी मात्र त्या प्रमाणांत मुळींच कमी नव्हती. उपाशी गर्भानें सर्वत्र काटकसर केली होती, चरबींत तेवढी केली नव्हती. २००३ सालीं हें प्रसिद्ध झालें आणि ‘कृश-मेदस्वी भारतीय बालक’ या अर्थाची संज्ञा जगभर रूढ झाली. दुसऱ्या वर्षीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचें एक छायाचित्र छापून आलें. दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. एका चित्रानें ग्रंथाचें काम केलें. आशियांतील लोकांना युरोपचें मोजमाप जसेंच्या तसें लावूं नये, अल्प वजनावरही त्यांना मधुमेहाचें भय असतें, हें त्या काळांत सर्वमान्य झालें.

आम्ही हा वृत्तांत वाचला तेव्हां आमच्या आईचा विचार मनांत आला. आमच्या वेळीं ती आवणीच्या चिखलांत वांकलेली होती आणि पोटाला नाचणीची आंबील व सुकट यांपलीकडे फारसें नव्हतें, असें ती सांगते. आमचें जन्माचें वजन कोणीं केलें नाहीं. एका माणसाच्या बाबतींत अमुक कारणामुळेंच अमुक झालें असें शास्त्राला म्हणतां येत नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. पण उपाशी माणसांच्या वंशांत स्थौल्य हा काय चमत्कार, असें विचारणाऱ्याला निदान एवढें सांगतां येतें कीं, तो चमत्कार नाहीं. १९९० नंतर आमच्या टापूंत मुसळ-उखळ गेलें, गिरणीचा पांढरा तांदूळ आला, चहांतील साखर वाढली, आणि चालणारी माणसें दुचाकीवर बसलीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आंकडे या दृष्टीनें वाचावे. २००५-०६ मध्यें देशांतील ३५.६ टक्के स्त्रियांचें वजन प्रमाणाहून कमी व १२.६ टक्क्यांचें अधिक होतें. २०१९-२१ मध्यें कमी वजनाच्या १८.७ आणि अधिक वजनाच्या २४ टक्के. पंधरा वर्षांत तराजूचें पारडें फिरलें. आणि ‘खायला काळ’ या शब्दांविषयींची आमची तक्रार ती हीच: काळ आधीं येऊन गेलेला होता, खाणें नंतर आलें.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. जठराचे व्रण झालेल्या रोग्यांचें पोट पूर्वीं अर्धेअधिक कापीत. अशा रोग्यांना, विशेषतः स्त्रियांना, नंतर वजन भरतां येत नाहीं, असा अनुभव होता. हा त्या शस्त्रक्रियेचा दोष समजला जाई. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनीं त्या दोषाचा उपयोग करून घ्यावयाचें ठरविलें, आणि १९६६ सालीं जठराला वळसा घालून अन्न पुढें नेण्याची त्यांची पद्धति पुढें आली. तत्पूर्वीं, १९५४ पासून, मिनेसोटा येथें आंतड्याचाच बराच भाग वगळण्याची रीत निघाली होती. तींत वजन उतरे, परंतु यकृत बिघडे व मुतखडे होत, म्हणून ती टाकून द्यावी लागली. प्रारंभीचे कांहीं रोगी या प्रगतीखालीं गाडले गेले, हें विसरूं नये. पुढें उदर न फाडतां छिद्रांतून दुर्बीण घालून शस्त्रकर्म करण्याची कला आली. हिंदुस्थानांत ती आणणारे मुंबईचे डॉ. तेहेम्टन उडवाडिया, १९९० सालीं जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं दुर्बिणीनें पित्ताशय काढलें. तींतूनच लठ्ठपणावरील हल्लींची शस्त्रक्रिया सुलभ झाली. जठराची बाही करण्याचा जो प्रकार आज सर्वांत अधिक चालतो, तो मुळांत एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होता. फार जड रोग्यांना दोन्ही टप्पे एकदम सोसवत नाहींत म्हणून पहिला उरकून थांबत. पुष्कळांना दुसऱ्याची गरजच पडेना, असें २००० नंतर दिसून आलें.

हें सर्व व्यर्थ उपद्‍व्याप आहेत काय? स्वीडनमध्यें १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या व न केलेल्या स्थूल लोकांची तुलना चालली आहे. दहा वर्षांनंतर वळशाच्या शस्त्रक्रियेनें उतरलेलें वजन सरासरीनें पंचवीस टक्के टिकून होतें. नुसत्या उपदेशावर राहिलेले लोक होते तेथेंच होते. २००७ सालीं मृत्यूंचेही आंकडे निघाले आणि ते शस्त्रक्रियेच्या बाजूनें पडले. १९९४ सालीं लेप्टिन व १९९९ सालीं घ्रेलिन हे रस सांपडल्यानंतर त्याचा उलगडाही होऊं लागला. घ्रेलिन हा भुकेची हांक देणारा रस मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतो, आणि बाहीच्या शस्त्रक्रियेंत तोच भाग काढला जातो. वजन उतरूं लागलें कीं हा रस वाढतो. म्हणजे उपास करणाराचें शरीर त्याच्याविरुद्ध उठतें. चरकाचा कोठ्यांतील अग्नि आम्हांस येथें पुन्हां भेटला.

महाराष्ट्रांत या विषयाची सार्वजनिक चर्चा झाली ती दोन प्रसंगांनीं. २०११ सालीं नागपूरचे श्री. नितीन गडकरी, तेव्हां भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष, यांनीं मुंबईस अशी शस्त्रक्रिया करवून घेतली व तें लपविलें नाहीं. दुसरा प्रसंग २०१७ चा. ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाची इमान अहमद ही छत्तीस वर्षांची स्त्री, जिचें वजन सुमारें ५०० किलो सांगण्यांत येई, ११ फेब्रुवारीस मालवाहू विमानानें मुंबईस आणली गेली. कित्येक वर्षें ती घराबाहेर पडलेली नव्हती. सैफी रुग्णालयांत तिच्यासाठीं खास खोली बांधली होती. पलंगासकट तिला क्रेननें वर उचललें, आणि तें दृश्य सर्व देशानें पाहिलें. ७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनीं तिच्या जठराची बाही केली. लेप्टिनची हांक ज्या द्वारानें ऐकूं यावयाची, त्या द्वाराच्या जनुकांतच तिच्या ठायीं बिघाड आहे, असें तपासणींत निघालें. म्हणजे पोट भरलें हा निरोप तिला जन्मभर कधीं मिळालाच नव्हता. पुढें तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यांत वाद झाला, मे महिन्यांत तिला अबु धाबीस नेलें, आणि २५ सप्टेंबरला ती तेथें वारली. आम्हीं त्या वेळीं क्रेनचें तें चित्र वर्गांत मुलांच्या मोबाइलांवर पाहिलें. मुलें हंसत होतीं. आम्ही आंत शिरतांच हंसणें थांबलें. तें हंसणें चालूं राहतें तर बरें होतें.

आम्हांस अकरा वर्षें मधुमेह होता. रात्रीं नाकावर यंत्र बांधल्यावांचून झोंपेंत श्वास अडे. आणि एका तासाचें व्याख्यान उभ्यानें देणें गुडघ्यांना जड जाऊं लागलें होतें. सातू, सकाळचा फेरफटका, लंघन, हें सर्व करून आम्ही तीन वेळां वीस-वीस किलो उतरलों होतों व तीनही वेळां बावीस-बावीस चढलों होतों. विमा कंपनीनें प्रथम हा सौंदर्यवृद्धीचा उपचार ठरवून पैसे नाकारले, मग अर्धे दिले. बाकीचे भविष्यनिर्वाह निधींतून काढले. शेणव्याच्या कोणा शेतकऱ्याला हें साधलें नसतें, हेंही येथें नमूद करणें भाग आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं दोन आठवडे केवळ पातळ आहार. त्यायोगें यकृत आकुंचतें व दुर्बिणीला वाट मिळते. पांच छिद्रें, दीड तास, आणि जठराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग बाहेर. मुलानें तो पाहिला; रिकाम्या पखालीसारखा दिसत होता, असें तो म्हणाला. पुढचा महिना चमच्यांच्या हिशेबाचा: पाणी, मग पेज, मग घोटलेलें वरण. चौथ्या महिन्यांत केंस गळले, मग पुन्हां आले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या झाल्या. मधुमेहाचीं इंजेक्शनें सुटलीं, गोळी एक उरली. वर्षानंतर गिरणीच्या कांट्यावर ९६ किलो भरले. ‘सर, एक कट्टा उतरला,’ असें हमाल म्हणाला. भाताचा कट्टा पन्नास किलोंचा असतो. त्यानंतर पांच किलो परत आले आहेत, आणि कातडी पोटावर रिकाम्या पोत्यासारखी लोंबते. हें सांगावयास आमचे शस्त्रवैद्य विसरले नव्हते; शहरांतील भिंतींवरील जाहिराती मात्र विसरतात.

लोक दोन प्रकारें बोलले. शहरांतील मित्रांनीं सुचविलें कीं, हा आडमार्ग झाला; निग्रहानें जें करावयाचें तें सुरीनें केलें. चष्मा लावणाऱ्या मनुष्यानें डोळ्यांचा निग्रह सोडला असें हे लोक म्हणत नाहींत, एवढेंच आमचें उत्तर. गांवांतील लोकांनीं हळूच विचारलें, ‘सरांना काय मोठा आजार झाला का?’ आमच्याकडे माणूस वाळतो तो क्षयानें, नाहींतर कर्जानें. लग्नाच्या पंगतींत दोन घांस खाऊन आम्ही हात धुतों, तेव्हां यजमानाला तो अपमान वाटतो, आणि त्याची समजूत घालण्यास घ्रेलिनचा उपयोग होत नाहीं.

पण सर्वांत कठीण होती ती आई. तिला आधीं सांगण्याचें कोणासच धाडस झालें नाहीं. पट्ट्या सुटल्यावर तिनें पोटावरील पांच डाग बोटानें चांचपून पाहिले आणि म्हणाली, ‘ज्या पोटापायी उभा जन्म चिखलात गेला, तेच पोट कापून टाकलंस रे?’ यावर आमच्याजवळ कोणताही आधारग्रंथ नव्हता. पुढें कित्येक महिने ती आमच्या ताटाजवळ बसे आणि उरलेला भात उचलून नेतांना कांहीं बोलत नसे. तिनें अन्न टाकलेलें कधीं पाहिलें नव्हतें. आणि येथें तर अन्न ठेवावयाची जागाच टाकून दिली होती.

गेल्या वर्षीं तिला वारंवार तहान लागूं लागली म्हणून आम्हीं तिला शहापुरास नेलें. आयुष्यांत प्रथमच ती कांट्यावर उभी राहिली. वजन ३७ किलो भरलें. रक्तांत साखर निघाली, आमच्याइतकीच. तरुण डॉक्टर चकित झाला; आम्हांस पुण्याजवळचीं तीं सहा खेडीं आठवलीं. भात कमी करा, असें त्यानें सांगितलें. घरीं येईपर्यंत ती गप्प होती. मग तिनें आम्हांस विचारलें, ‘मग तू काय खातोस?’ आम्हीं सांगितलें. कोंड्यासकट धान्य, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी. नाचणी तिनें तीस वर्षांपूर्वीं सोडली होती. घरांत तांदूळ असतां नाचणी खाणें म्हणजे पुन्हां गरीब होणें, असें ती म्हणत असे. आतां दोघेही एका वेळीं जेवतों. तिची भाकरी आमच्याहून मोठी असते. वरकस जमीन कित्येक वर्षें पडून होती. यंदा तींत नाचणीचा राब करावयास तिनें आमच्या पुतण्याला सांगितलें आहे.